पश्चिमेची पडवी

कोकणात बघण्यासारखं जे काही असतं ते बहुतेक पश्चिमेला असतं. समुद्र तिकडे, खाडीचं तोंड तिकडे, मावळतीचे रंग तिकडे. वाऱ्याबरोबर तिरपा येऊन भिंती झोडपणारा पाऊसही तिकडूनच येतो, आणि उन्हाळ्यात दुपारी उतरलेलं, छपराखालून थेट घरात शिरणारं ऊनही तिकडचंच. नवं घर बांधायला निघालेल्या माणसासमोर हा पेच पहिल्या दिवसापासून असतो. हल्ली पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावलेली घरं जागोजागी दिसतात. फोटोत ती फार सुंदर दिसतात, कारण फोटो हिवाळ्यातल्या संध्याकाळी काढलेला असतो. एप्रिलच्या दुपारी त्याच काचेवर जाड पडदे ओढलेले असतात, आणि जुलैत चौकटीतून पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून ताडपत्री बांधलेली असते. ज्या देखाव्यासाठी एवढा खर्च केला तो वर्षातले कितीतरी महिने झाकलेला राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुनी घरं समुद्र बघायला बांधलेली नसत. गुहागरसारख्या गावात समुद्राच्या अंगाची घरं रस्त्याकडे तोंड करून बसली आहेत. पुढे रस्ता, मग खळं म्हणजे पुढचं अंगण, मग घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि तिच्याही पलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. समुद्र होता तो ऐकायचा, आणि पाहिजे तर वाडीतून चालत जाऊन बघायचा. खारा वारा आणि वादळी पाऊस आधी माडांनी झेलायचा, मग घराने. ही रचना करणाऱ्यांना सौंदर्याची जाण नव्हती असं मला कधीच वाटलं नाही. वर्षाचे बाराही महिने त्याच घरात काढायचे असल्यामुळे त्यांचा हिशोब बारा महिन्यांचा होता.

राजापूर तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. वरची कड सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, खालची कड पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, आणि भाताच्या मळ्यांना लागलेली, मधे आंब्याच्या कलमांचा उतार. वर सड्यावर उभं राहिलं की खाडीचं वळण आणि त्यापलीकडे समुद्राची रेघ दिसते. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, पुण्याचा फ्लॅट सोडून तिथे राहायचं होतं आणि निवृत्तीनंतर आम्हालाही. घर कुठे बांधायचं यावर भेटेल त्याचं एकच उत्तर होतं : वर. रस्ता तिथपर्यंत येतो, जेसीबीने दोन दिवसांत जागा सपाट होते, आणि ‘व्ह्यू’ मिळतो.

आमची आर्किटेक्ट वयाने माझ्या भाचीएवढी. जागा पाहायला ती ऐन जुलैत आली, रेनकोट आणि गमबूट घालून. नकाशाचं नाव काढलं नाही. उतारावर ज्या ज्या वाटेने पाणी वाहत होतं तिथे तिथे ती खुंट्या ठोकत, त्यांना रंगीत चिंध्या बांधत गेली. पाणी कुठे साठतंय, कुठे जमिनीतून उपळ फुटलेत, कुठे माती वाहून मुळं उघडी पडलीत, हे सगळं टिपून घेतलं. गावातले गवंडीकाका बरोबर होते. एक सपाट, मोकळी, फार मोहक जागा मी दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “इथं नको, वहिनी. मिरगात इथनं पाणी जातं.” आदल्या वर्षी तिथे पाणी मी पाहिलं नव्हतं, पण त्यांनी लहानपणापासून तो उतार पाहिला होता. त्या जागेवर काट मारली गेली आणि आज ती गवताची आहे.

सड्याचाही विचार तिथेच मागे पडला. सातबाऱ्यावर सडा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून लिहिलेला असतो आणि त्यामुळे तो फुकट गेलेला तुकडा आहे अशी सगळ्यांची समजूत असते. पण सड्याचा कातळ जांभ्याचा, आणि जांभा हा छिद्रांचा, भेगांचा दगड आहे. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपत खाली जातो, जांभ्याखालच्या चिकण मातीच्या थराला अडतो आणि उताराच्या मध्यावर कुठेतरी पाझर होऊन बाहेर येतो. आमच्या खालच्या वाडीची विहीर या पाण्यावर चालते. सडा सपाट करून त्यावर फरशी टाकायची म्हणजे खालच्या माणसांच्या विहिरीत हात घालायचा. ऑगस्टच्या अखेरीला त्याच कातळावर सीतेची आसवं या रानफुलांचा निळा-जांभळा थर पसरतो, मधे गेंद या दुसऱ्या रानफुलाची पांढरी बोंडं. इंचभर मातीवर आणि टाचेएवढ्या पाण्यात वाढणारी ही झाडं, दुसरीकडे लावू म्हटलं तर येत नाहीत. आणि याच तालुक्यातल्या बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर कोणा फार जुन्या माणसांनी प्राणी, माणसं आणि अजून न उलगडलेल्या आकृती कोरून ठेवल्या आहेत. कोकणातल्या या कातळशिल्पांचं नाव 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेलं. एवढं सगळं ज्या जमिनीवर आहे तिला खराबा म्हणवत नाही.

तेव्हा घर उताराच्या मध्यावर आलं. खालच्या अंगाला एक थोराड रायवळ आंबा आणि दोन फणस होते. नैऋत्येचा वारा आधी त्यांच्यावर येतो. त्यांच्यामुळे खाडीचा निम्मा देखावा झाकला जातो. माझे यजमान यावर बरेच दिवस नाराज होते. आता पडवीत बसल्यावर फांद्यांच्या मधून पाण्याचा जेवढा तुकडा दिसतो तो भरतीला रुंद आणि ओहोटीला अरुंद होतो, आणि वेळ सांगायला ते हल्ली घड्याळाऐवजी तोच तुकडा बघतात.

बांधकामाचा पहिला आकडा जो आम्ही काढला तो पैशांचा नव्हता, पाण्याचा होता. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वळचणी धरून आमचं छप्पर साधारण 150 चौरस मीटरचं. म्हणजे एका पावसाळ्यात नुसत्या छपरावर साडेचार लाख लिटर पाणी. तासाला 50 मिलिमीटरची सर आली, आणि तशा सरी तिथे येतात, तर तासाभरात 7500 लिटर, म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर. शिवाय वरच्या उतारावरून घराच्या पाठीवर येणारं पाणी वेगळंच. हे आकडे कागदावर मांडल्यानंतर घराचा आकार बराचसा आपोआप ठरत गेला. वरच्या अंगाला कमानीसारखा वळलेला खोल चर, जो उतारावरचं पाणी दोन्ही बाजूंनी काढून पऱ्यात सोडतो. पागोळ्या जिथे पडतात तिथे नदीतल्या गोट्यांनी भरलेला पाट, आणि तो पाट विहिरीच्या वरच्या अंगाच्या शोषखड्ड्यात. पन्हळ आम्ही फक्त दरवाजांच्या वर लावले. बाकी सगळीकडे पागोळ्या सरळ खाली पडतात.

जमीन सपाट न करता जोतं तीन पातळ्यांवर बसवलं. इथे आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न आला आणि तो अजिबात लहान नव्हता. निसर्गाशी एकरूप घर म्हणून जी घरं मासिकांत छापून येतात त्यांतल्या बऱ्याच घरांत ऐंशीच्या घरातल्या माणसाला फिरताच येणार नाही, हे ती चित्रं बघताना मला नेहमी खटकतं. आमच्याकडे आईंची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर, जेवायची जागा आणि पूर्वेचं अंगण एका पातळीवर आहे. पश्चिमेची पडवी खाली आहे. तिथे जायला पायऱ्या आहेत त्या कमी उंचीच्या आणि रुंद, बाजूला धरायला ऐनाच्या लाकडाचा गुळगुळीत दांडा. हे जमवायला आर्किटेक्टने नकाशा पुन्हा पुन्हा फिरवला. आईंची चालायची काठी आता आतल्या बाजूला खुंटीवर असते, दांडा पुरतो.

पश्चिमेच्या पेचाकडे परत येते. या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर कोकणात नाही, मुंबईत आहे, आणि तेही एका उंच इमारतीत. कंबाला हिलवरची कांचनजंगा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेली, 1983 मध्ये पूर्ण झालेली, 32 घरांची. तिथेही हाच पेच होता : वारा आणि समुद्र पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही पश्चिमेलाच. जुन्या मुंबईच्या बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती व्हरांड्याचा एक थर गुंडाळून हे सोडवलं होतं. कोरियांनी तोच थर उचलून हवेत नेला, आणि इमारतीचे कोपरे कोरून दोन-दोन मजले उंच बागेच्या गच्च्या केल्या. पेडर रोडवरून जाताना त्या इमारतीला पडलेली ती मोठी चौकोनी भगदाडं दिसतात ना, त्या या पडव्या आहेत. परंपरेतून दिसणं न घेता काम घ्यायचं, हे मला त्या इमारतीकडे बघून कळलं.

आमची पडवी 9 फूट खोल आहे आणि पुढे 3 फुटांची वळचण. पडवीच्या फरशीपासून वळचणीची कड साडेसहा फुटांवर, उंच माणसाला जरा जपून बाहेर पडावं लागतं. ही उंची मुद्दाम ठेवली. एप्रिलच्या मध्यावर साधारण पावणेपाचपर्यंत ऊन भिंतीच्या पायथ्याला पोचत नाही, आणि त्यानंतरचं ऊन फणसाच्या पानांतून गाळून येतं. जूनमध्ये तिरपी सर पडवीच्या निम्म्यापर्यंत येते, भिंतीपर्यंत येत नाही. उभं राहिलं तर नजर जवळच्या गोष्टींवरच राहते : हळदीचा वाफा, पाट, आंब्याचं खोड. बसलं की ती निवांतपणे लांब जाते आणि खाडीवर ठरते. आभाळाचा डोळ्यांना टोचणारा पांढरा प्रकाश कौलांच्या आड राहतो. आलेल्या माणसाला बसा म्हणायचीही गरज पडत नाही, तो आपोआप बसतो.

पावसाळ्यात पडवीच्या पश्चिम कडेला झापं बांधतो, गावात सगळे बांधतात तशी, माडाच्या झावळ्या विणून. गणपतीनंतर ती सोडतो. लाकडी पट्ट्यांची झडपं करून घ्यावीत असा एक विचार होता. अलिबागजवळ नांदगावला वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ या संस्थेने 2007 मध्ये नारळाच्या बागेत बांधलेलं पामायरा हाउस आमच्या आर्किटेक्टचं फार लाडकं. दोन लांबट लाकडी इमारती, मधे मोकळी जागा, आणि बाजूंना ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांची झडपं, ज्यांतून वारा आणि उजेड दोन्ही चाळून येतात. झडपांचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. त्या घराचे दोन तुकडे मात्र आम्ही मनापासून घेतले. आमचंही घर दोन भागांत आहे आणि मधल्या फटीत एक रातांब्याचं झाड तसंच उभं आहे. एका भागातून दुसऱ्यात जाताना चार पावलं छपराखालून पण उघड्यावरून जावं लागतं. त्या चार पावलांत हवा किती जड झाली आहे, वारा फिरला का, रातराणी फुलली का, हे कळतं. घरात राहून जमिनीशी संबंध ठेवायचा तर अशी रोजची सक्ती लागते असं माझं मत झालं आहे. खिडकी उघडायची की नाही हे आपल्या हातात असतं. ही चार पावलं टाळता येत नाहीत.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त हट्ट धरला तिच्याबद्दल. माझ्या आजोळचं घर चौसोपी नव्हतं, पण ऐसपैस होतं. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी. वारा, उजेड, येणारी-जाणारी माणसं, पावसाचं कौतुक हे सगळं पुढच्या अंगाला, म्हणजे पुरुषांच्या वाट्याला. माजघरात भर दुपारी दिवा लागे. आजी आणि माम्या यांच्या वाट्याला धूर, मोरी आणि शेणी-लाकडांची मागची पडवी. आणि बाजूला बसायचे दिवस आले की त्याच पडवीचा एक कोपरा. त्या घराचं जमिनीशी नातं सुंदर होतं, खरंच होतं, पण ते घरातल्या निम्म्या माणसांचं होतं. जुन्या घरांवर लिहिताना आपण ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून लिहितो. माजघरातून लिहिलं तर वेगळं लिहिलं जाईल.

म्हणून आर्किटेक्टने आधुनिक घर म्हणजे तुम्हाला काय हवं आहे असं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा स्वयंपाकघराचं बोलले. आमच्याकडे स्वयंपाकघर पूर्वेला, दोन भागांतल्या पहिल्या भागाच्या पुढ्यात आहे. त्याला अंगणाच्या बाजूने भिंत नाही, घडीचे दरवाजे आहेत. सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर येतं. भाजी निवडायला बसायचा कट्टा आत सुरू होऊन सलग बाहेर जातो. पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरून, येणारा प्रत्येक माणूस आधी स्वयंपाकघराला दिसतो आणि तिथल्याच माणसाशी बोलतो. शेजारच्या काकी पहिल्यांदा आल्या तेव्हा थोड्या अवघडल्या होत्या. मागचं दार कुठे आहे ते शोधत होत्या. मागचं दार नाहीच. आता सकाळी दूध टाकायला येतात तेव्हा कट्ट्यावर टेकतात आणि मासळी आली का, कुणाच्या कलमांवर तुडतुडा पडला याच्या बातम्या तिथेच होतात.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, आतून-बाहेरून उघड्या, नुसती दरज भरलेली. खाणीतून काढल्यावर मऊ असलेला हा दगड हवेवर टणक होत जातो, पण पाणी पितो, त्यामुळे उघडा ठेवायचा तर मोठी वळचण हवीच. झोपायच्या खोल्यांवर उतरता काँक्रीटचा स्लॅब आणि वर कौलं. पडवीवर मात्र नुसती कौलं, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर. गावात लोकांनी कौलं काढून सपाट स्लॅब घातले आणि स्लॅब गळायला लागल्यावर त्यावर पत्र्याचं उतरतं छप्पर चढवलं. पावसाने शेवटी उतार मागून घेतलाच. या लोकांना नावं ठेवायला मी तयार नाही. माकडं कौलं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि म्हाताऱ्या जोडप्याने मेच्या उन्हात छपरावर चढायचं कसं? मंगलोरी कौलंही काही अनादि काळापासूनची नाहीत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळुरात 1865 मध्ये त्यांचा कारखाना काढला. त्याआधी इथे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, होते आणि गवताची छपरं होती. आपण ज्याला जुनं म्हणतो तेही एके काळी कारखान्यातून आलेलं नवं सामान होतं आणि लोकांनी ते इथल्या पावसाला पारखून घेतलं. लोखंडी नळ्या वापरताना मला त्यामुळे काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

परवानग्या, अकृषिक दाखला, कर्ज यांत जेवढा वेळ जायचा तेवढा गेला.

अशा घरात राहायला काय लागतं तेही सांगायला हवं, कारण छायाचित्रांत ते येत नाही. जुलैत कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येतो. चपला आणि पट्टे हिरवे होतात. दारं फुगतात. आम्ही पुस्तकं एका बंद खोलीत ठेवली आहेत आणि तिथे पावसाळाभर एक दिवा जळत असतो. पहिल्या पावसानंतरच्या रात्री पंखवाल्या वाळव्या एवढ्या येतात की दिवे मालवून बसावं लागतं. मधल्या फटीत धामण दिसली आहे, पडवीच्या वाशावर एकदा मण्यारही. तेव्हापासून रात्री बॅटरीशिवाय कुणी ती चार पावलं टाकत नाही. हे ज्याला नको त्याने बंद घर बांधावं, त्यात काही कमीपणा नाही. पण मग त्याने सडा फोडून, आंबा तोडून, उतार खणून काचेआडून बघण्याइतकाच निसर्ग शिल्लक ठेवू नये, एवढं मला फार तळमळीने वाटतं. केरळात तिरुवनंतपुरमला वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी स्वतःचं घर खडकाळ, चढत्या टेकडीवर बांधलं, कुणी फुकट दिली तरी घेणार नाही अशा जागेवर. टेकडी न कापता, तिच्या पायऱ्यापायऱ्यांवर हळूहळू वाढवत नेलं. पैसा त्यात फार लागला नाही. वेळ लागला, आणि जागेचं म्हणणं ऐकणारा माणूस.

आमच्याही घराचं काम अजून संपलेलं नाही. वरच्या चराची एक बाजू गेल्या पावसात पऱ्याच्या तोंडाशी ढासळली, तिथे गडगा घालायचा आहे. सिमेंट न लावता, नुसते चिरे आणि कातळाचे तुकडे एकमेकांत बसवून, म्हणजे मागचं पाणी फटींतून निघून जाईल आणि त्या फटींत नेचे उगवतील. असा गडगा घालणारे गावात आता दोघेच उरलेत. त्यांतल्या एकाला आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यासाठी सांगून ठेवलंय. त्याचा नातू बारावीनंतर घरीच आहे. त्यालाही हाताखाली घेऊन या, त्याची मजुरी वेगळी देऊ, असं कळवलं आहे.